लाकडी दस्त्याची सेमी-ऑटो

“अडकली!” मॅटवर पालथं पडल्या पडल्याच सुभेदार इंगवल्यांनी आवाज दिला आणि हात वर केला.

मी त्यांच्या शेजारी गुडघे टेकले. नळी टार्गेटच्याच दिशेला आहे ना ते आधी पाहिलं, मग रायफलच्या बाजूच्या फटीत डोकावले. उडालेल्या काडतुसाची पुंगळी बाहेर पडता पडता बोल्टच्या तोंडात आडवी चिमटली होती.

“अडकली आहे,” मागे बसलेल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी सांगितलं. नखानं पुंगळी उपसून काढली, बोल्टची मूठ मागे खेचून सोडून दिली. नवं काडतूस आपोआप चेंबरमध्ये गेलं.

“बघा,” मागून वकील पाटणकर म्हणाले, “स्वस्तात घेतलं की असं होतं.”

“साहेब, नवी नवरी पण दोन दिवस अडखळते,” रायफली विकायला आलेले मुजावर म्हणाले. “ही तर वीस वर्षं कपाटात होती.”

अडकलेल्या रायफलची अशी जाहीर तपासणी करायची ही आमच्या क्लबची पद्धत होती, आणि ती सुभेदारांनीच घालून दिली होती. सरावाच्या स्पर्धेत वेळ संपत आली की काही पोरं ‘अडकली’ म्हणून हात वर करत, कारण रायफल बिघडली तर जादा वेळ मिळे. म्हणून सुभेदारांचा नियम: अडकली म्हणणाऱ्याच्या शब्दावर जायचं नाही. शेजारच्यानं तपासायचं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं. ‘अडकली आहे’ किंवा ‘नाही अडकलेली’. मग मारणारा कुणी का असेना.

क्लब म्हणजे काही फार मोठं नव्हतं. गावाबाहेर दगडाची एक बंद पडलेली खाण, तिची उभी भिंत गोळ्या थोपवायला, अलीकडे पत्र्याची शेड आणि शेडमध्ये चार मॅट. पाटणकर वकील सेक्रेटरी. गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर दिगंबर खाडे हे सर्वांत नियमित सभासद आणि सर्वांत वाईट नेमबाज. बाकी कॉलेजची मुलंमुली यायची-जायची. मी नुकतीच फिजिक्समध्ये एम.एस्सी. होऊन गावातल्याच ज्युनियर कॉलेजात शिकवायला लागले होते. आणि आम्हां सगळ्यांना नेम धरायला ज्यांनी शिकवलं ते सुभेदार बाजीराव इंगवले, फौजेतून निवृत्त. क्लबकडून ते मानधनसुद्धा घेत नसत.

त्या रविवारी मिरजेहून मुजावर आले होते. त्यांचं बंदुकांचं परवानाधारक दुकान होतं आणि ते आता बंद करायचं ठरलं होतं. जुन्या परदेशी बनावटीच्या दोन सेमी-ऑटोमॅटिक रायफली, पॉइंट टू-टू बोअरच्या, त्यांच्याकडे शिल्लक होत्या. एकीचा दस्ता काळ्या प्लास्टिकचा, दुसरीचा लाकडी. त्यांच्या काळातही त्या स्वस्तातल्याच होत्या: मॅगझीन पातळ पत्र्याचं, घोड्याभोवतीचं कडं प्लास्टिकचं, नळीला निळसर झळाळीऐवजी नुसता काळा रंग. आणि मुजावर त्या अगदी कमी किमतीला द्यायला तयार होते. फक्त त्याच दिवशी काय ते सांगा म्हणाले, कारण दुसऱ्या दिवशी माल दुसऱ्या दुकानदाराकडे जाणार होता.

पाटणकरांनी नाहीच म्हटलं असतं. पण सुभेदारांनी आग्रह धरला होता. महिनाभर आधी क्लबच्या बैठकीत ते उभे राहिले आणि म्हणाले, “आजवर क्लबाकडं मी काही मागितलं न्हाई. मुजावरांच्या त्या सेमी-ऑटोतली एक घ्या.”

त्याचं सगळ्यांनाच नवल वाटलं. आमच्या जुन्या रायफली बोल्टच्या. प्रत्येक गोळीनंतर बोल्टची मूठ वर उचलायची, मागे ओढायची, रिकामी पुंगळी बाहेर, नवं काडतूस आत, बोल्ट पुढे, मूठ खाली. मग पुन्हा श्वास, पुन्हा नेम. हे सगळं करताना माणसाला थांबावंच लागतं, आणि ते थांबणंच खरं शिक्षण, असं सुभेदार वर्षानुवर्षं सांगत आले होते. सेमी-ऑटोत थांबायची गरज नाही. गोळी पुढे जाते, त्याच धक्क्यानं बोल्ट मागे ढकलला जातो, पुंगळी बाहेर फेकली जाते, स्प्रिंग बोल्टला पुढे आणते आणि येता येता तो नवं काडतूस ओढून घेतो. माणसानं फक्त घोडा दाबायचा.

“सुभेदार, आयुष्यभर शाकाहार सांगितलात आणि आता म्हणताय मटण शिजवा,” खाडे डॉक्टर तेव्हा म्हणाले होते.

“पोरींचं हात लहान असत्यात,” सुभेदारांनी उत्तर दिलं होतं. “बोल्ट ओढताना कोपर हलतं, बैठक मोडती. डावखुऱ्या पोरांचं तर हालच. त्यांच्यासाठी एक असावी.”

कारण पटण्यासारखं होतं. तरी पाटणकरांनी अट घातली: रायफल पारखून घ्यायची. आणि पारखायचं काम माझ्याकडे आलं. ‘शास्त्रज्ञ आहे ना आपल्याकडे’ असं खाडे म्हणाले आणि सगळे हसले. मी हसले नाही. मला ते काम मनापासून हवं होतं.

मी त्याची नीट आखणी केली. वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवायची, म्हणजे हात हलण्याचा परिणाम कमी. प्रत्येक टार्गेटवर पाच गोळ्या. त्यातल्या सर्वांत दूरच्या दोन भोकांमधलं अंतर व्हर्नियरनं मोजायचं. काडतुसं दोन प्रकारची, आपल्याकडची आणि बाहेरच्या देशातली, कारण हलक्या काडतुसाच्या धक्क्यानं बोल्ट पुरेसा मागे जाईलच असं नाही. किती वेळा अडकते ते वेगळं लिहायचं. रायफली मारणार कोण, हा प्रश्न आला तेव्हा सुभेदार लगेच म्हणाले, “मी मारतो.”

तेही नवलाचंच. पावसाळ्यापासून ते मॅटवर उतरलेच नव्हते. चष्मा बदलायचाय म्हणत होते.

पण त्या सकाळी त्यांनी काय मारलं! प्लास्टिकच्या दस्त्याची रायफल काही खरी नव्हती. तिची भोकं इकडेतिकडे विखुरत होती आणि दर थोड्या गोळ्यांनंतर ती अडकत होती. तिला आम्ही लवकरच बाजूला ठेवलं. मग लाकडी दस्त्याची आली. मुजावर विक्रेत्याच्या अदबीनं मॅगझीन भरून द्यायचे, मूठ खेचून पहिलं काडतूस चढवून द्यायचे. सुभेदार गाल दस्त्याला लावायचे, आणि पाच गोळ्या मधल्या काळ्या वर्तुळात एकमेकींना चिकटून बसायच्या. मधेच अडकलीच, तर मी होतेच काढायला.

“काय ओ वकील,” टार्गेट उतरवून आणल्यावर सुभेदार मॅटवरूनच म्हणाले, “रुपयाएवढ्या जागेत पाचही. स्वस्त म्हणून हिणवत हुता न्हवं?”

मी त्यांना इतकं खुशीत फार दिवसांत पाहिलं नव्हतं. खाड्यांच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी त्यांनी मागून घेतली. मुजावरांना त्यांच्या वडिलांची आठवण सांगितली. एका टार्गेटकडे बघून स्वतःशीच “शाबास” म्हणाले, रायफलला की स्वतःला ते कळलं नाही.

पाटणकरांनी टार्गेटं हातात घेऊन उलटसुलट केली. “मग काय शास्त्रज्ञ? घ्यायची का?”

“अजून एक राहिलंय,” मी म्हणाले.

“आता काय राहिलं?”

“तुलना. ही भोकं इतकी जवळ आली ती रायफलीमुळे की सुभेदारांमुळे, हे आपल्याला कळलेलं नाही. सुभेदारांनी आपली जुनी बोल्टची रायफलही आत्ताच, याच पिशवीवरून मारायला हवी. जुनी रायफल कशी आहे हे आपल्याला माहीत आहे. तिच्यावर त्यांचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, नेहमीसारखा आला, तर ही लाकडीची करामत खरी. जुनीवर याहून फारच चांगला आला, तर मग ही साधारणच.”

“म्हणजे आमच्या दवाखान्यातल्यासारखं,” खाडे म्हणाले. “म्हशीला ताप आहे की थर्मामीटरला, ते आधी बघायचं.”

“तू मार की ग,” सुभेदार मला म्हणाले.

“मी मारून उपयोग नाही. माणूस बदलला की तुलना गेली.”

“डोळं दमल्यात माझं. सकाळधरनं मारतोय.”

“पाचच गोळ्या, सुभेदार. थोडं थांबू हवं तर.”

“कशापायी पण? रायफल चांगली हाय, मी सांगतोय न्हवं?”

“तुम्ही सांगताय म्हणूनच,” मी हसत म्हणाले. “अडकली म्हणणाऱ्याच्या शब्दावर जायचं नाही, हे कुणी शिकवलं?”

सगळे हसले. पाटणकर म्हणाले, “घ्या, गुरूची विद्या गुरूला.”

सुभेदारही हसले. मग त्यांनी मुजावरांकडे पाहिलं, खाणीच्या भिंतीकडे पाहिलं, आणि म्हणाले, “आण.”

मी कपाटातून जुनी रायफल आणली, पिशवीवर बसवली. सकाळभर पहिलं काडतूस दुसऱ्यानंच भरून दिलं होतं, म्हणून मीही भरून दिलं आणि बोल्ट बंद केला. परीक्षा सारखी असायला हवी होती. मग मी दुर्बिणीपाशी जाऊन बसले.

गोळी सुटली. दुर्बिणीतून पाहिलं तर भोक अगदी मधोमध, काळ्या वर्तुळाच्या पोटात. मी वहीत टीप केली आणि पुढच्या गोळीची वाट पाहिली.

ती आली नाही.

मी वर पाहिलं. सुभेदारांचा उजवा हात बोल्टच्या मुठीवर होता. तो तिथं नुसता होता. मग त्यांनी तळव्याच्या कडेनं मूठ खालून वर ढकलली. ती किंचित हलली आणि परत बसली. त्यांनी पुन्हा ढकललं. मग कोपर उचललं, खांदा उचलला, सगळी बैठक मोडली, जी मोडू नये म्हणून आम्ही वर्षं घालवली होती. त्यांचा चेहरा दस्त्यावरून बाजूला झाला. मानेवरची शीर फुगली.

“काय सुभेदार,” खाडे म्हणाले, “गोळी बाहेर यायला लाजतेय का?”

“अडकली,” सुभेदार म्हणाले. हात वर केला नाही.

मी उठले. सकाळपासून मी हेच करत होते. गुडघे टेकले, नळीची दिशा पाहिली. मग अंगठा आणि तर्जनी, दोनच बोटांनी बोल्टची मूठ उचलली. ती लोण्यातून निघावी तशी वर आली. बोल्ट मागे ओढला, आणि पुंगळी टणकन बाहेर उडून शेडच्या फरशीवर घरंगळत गेली.

“नाही अडकलेली,” मी मोठ्यानं सांगितलं.

पुंगळी फरशीवर अजून फिरत होती. मी पुढचं काडतूस ठेवलं, बोल्ट बंद केला आणि त्यांच्याकडे वळून म्हणाले, “चालू द्या.”

तेव्हा मला त्यांचा हात दिसला. तो त्यांनी छातीखाली ओढून घेतला होता, एखादी वस्तू लपवावी तसा. पण त्यांना उठायचं होतं, आणि मॅटवरून उठताना हात लपवता येत नाही. डाव्या हातावर भार देऊन ते उठले. उजव्या हाताचा अंगठा सैल लोंबत होता. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग, जिथं खरी पकड असते, तिथं खळगा पडला होता.

“ऊन आलं डोळ्यावर,” सुभेदार म्हणाले.

आमची रेंज उत्तरेला तोंड करून आहे. सकाळी तिथं कुणाच्याच डोळ्यावर ऊन येत नाही. हे मला माहीत होतं, आणि या वेळी मी बोलले नाही.

खाडे डॉक्टर डबा खाली ठेवून पुढे आले. त्यांचा आवाज एकदम बदलला. “सुभेदार, हात दाखवा बरं.”

“गुरांचं डॉक्टर हायसा तुमी. गुरांकडं बघा.”

“दाखवा तर. कधीपासून आहे हे?”

“काय हाय?”

“अहो, अंगठा...”

“काय न्हाई अंगठ्याला.”

मग पाटणकरांनी टार्गेटं गोळा केली, घसा साफ केला आणि ज्या आवाजात ते कोर्टात तडजोड सुचवत असतील त्या आवाजात म्हणाले, “मुजावर, ती लाकडी आम्ही घेतली. कागदपत्रांचं बघू. सुभेदारांना सोयीची आहे.”

“मला कशाची सोय?” सुभेदार म्हणाले.

“म्हणजे... क्लबलाच हो. तुम्हीच म्हणत होतात ना, मुलींना वगैरे.”

“मग पोरींसाठी चांगली हाय का, ते हिला विचारा. पारखाय हिला बसवली न्हवं?” ते माझ्याकडे वळले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांनी मला नावानं हाक मारली. “उर्मिला. काय म्हणती तुझी पारख?”

माझ्या वहीत सगळं होतं. आपल्याकडच्या काडतुसांवर ती रायफल वरचेवर अडकत होती आणि आमच्याकडे वर्षभर काडतुसं तीच असत. बाहेरच्यांवर ती ठीक चाले, पण ती काडतुसं क्लबला परवडणारी नव्हती. ग्रुप छान आले होते ते मारणाऱ्यामुळे. जुन्या रायफलीतून गेलेल्या त्या एका गोळीवरूनही मला ते कळलं होतं. नवशिक्या मुलीच्या हातात ही रायफल निम्मा वेळ दुरुस्तच करावी लागली असती.

“चांगली आहे,” मी म्हणाले. “घ्यावी.”

“अडकती किती?”

“फार नाही.”

सुभेदार माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही. मी वेडावाकडा नेम धरला की ते असंच बघत. चूक मला माझी मला दिसेपर्यंत.

“मुजावर,” ते म्हणाले, “गुंडाळा. न्या दोन्ही.”

“सुभेदारसाहेब, राहू द्या ना. पैशाचं काही नाही, नंतर बघू—”

“न्या म्हटलं. माल खराब हाय तुमचा.” मग थोड्या वेळानं, जरा मऊ आवाजात, “राग मानू नगा. चहा घेऊन जावा.”

मुजावरांनी मान हलवली. त्यांनी रायफली गोधडीसारख्या जाड कापडात गुंडाळल्या, पेटीत ठेवल्या, कुलूप लावलं. पाटणकर कपाटाच्या किल्ल्या उगीच मोजत राहिले. खाडे मला म्हणाले, “तुला काय माहीत होतं का आधी?” मी नाही म्हणाले. “मलाही नाही,” ते म्हणाले. “दर रविवारी मी त्यांच्या शेजारी बसून चहा पितो. म्हैस असती तर मला चालीवरून कळलं असतं.”

सुभेदार खाणीचा रस्ता उतरायला लागले होते. पूर्वी ते स्कूटरवर येत. चालणं तब्येतीला बरं म्हणून हल्ली पायी यायला लागले होते. स्कूटरचा क्लच कोणत्या हातानं आणि ब्रेक कोणत्या हातानं दाबतात, हा विचार माझ्या मनात तेव्हा आला. मी सायकल घेऊन त्यांच्यामागे गेले आणि त्यांच्याजवळ पोचल्यावर उतरून चालायला लागले. रस्त्यावर दगडाची भुकटी होती, तिच्यावर पावलं उमटत होती.

“सुभेदार,” मी शेवटी म्हणाले, “पुण्याला दाखवलंत का?”

“दाखवलं. नस हाय म्हणाले. मानेतनं निघती ती. दबली म्हणाले आणि आता काय व्हायचं न्हाई म्हणाले.”

“घरी?”

“घरी काय?”

“काकूंना माहीत आहे?”

ते हसले. “तिला वाटतं म्हातारा लाडात आलाय. सदऱ्याची बटणं तिच्याकडनं लावून घेतो ना. तरुणपणी कधी केलं न्हाई हे, म्हणती. पोटावर गुद्दा मारती आणि लावती.” थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, “खूश असती बिचारी.”

“मला सांगितलं असतं तुम्ही तर मी—”

“काय केलं असतंस?”

“मी ती जुनी रायफल मारायला सांगितलीच नसती.”

“हां. आणि मी मॅटवर झोपलो की दुसरीकडं बघितलं असतंस. म्हणून तर न्हाई सांगितलं.”

आम्ही ओढ्यावरच्या मोरीपाशी आलो. ते कठड्यावर टेकले. मी सायकल धरून उभी राहिले.

“ती लाकडी अजून घेता येईल,” मी म्हणाले. “मुजावर अजून गेलेले नाहीत. अडकते त्याचं कारण मला कळलंय, काडतूस हलकं पडतंय. स्प्रिंग जरा मऊ केली तर आपल्या काडतुसांवरही चालेल. मी करून देईन. घोडा दाबायला बोट लागतं, ते तर तुमचं चांगलं आहे. पकड लागते ती फक्त बोल्टला. त्या रायफलीत बोल्टचा प्रश्नच—”

“तेच तर,” सुभेदार म्हणाले. “सगळं मी बघून ठेवलं हुतं. मिरजेला दोनदा जाऊन आलो. घोडा दाबता येतो. बाकीचं ती आपलं आपण करती. अडकली तर शेजारचा काढतो, क्लबाची पद्धतच हाय, कुणाला वेगळं वाटायचं न्हाई. पोरींसाठी घेतली म्हणायची आणि मधनंअधनं आपण मारायची. लोक म्हणतील सुभेदाराला नवीन खेळणं घावलं.”

“मग अजूनही—”

“अजून काय, पोरी? आता ती घेतली तर सुभेदाराच्या हातासाठी घेतली असं हुणार. दर गोळीला सगळी माझ्या अंगठ्याकडं बघणार. मला रायफल नगो हुती गं. कुणाला कळू नये, ते हवं हुतं. त्यासाठी ती स्वस्त हुती. आता फुकट दिली तरी महाग हाय.”

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मला अजूनही वाटत होतं की कुठला तरी मुद्दा राहिलाय आणि तो मांडला तर सगळं सरळ होईल.

“जा आता,” ते म्हणाले. “कॉलेजचं पेपर तपासायचं असतील.”

मुजावर दुपारच्या एस.टी.नं रायफली घेऊन गेले. नंतर त्या कुणी घेतल्या ते कळलं नाही.

पुढच्या रविवारी मी मुद्दामच उशिरा गेले. मला वाटलं होतं सुभेदार येणार नाहीत. ते आलेले होते. चहाचा पेला त्यांनी डाव्या हातात धरला होता, उघडपणे, आणि उजवा मांडीवर ठेवला होता. एका मुलीला ते श्वास कुठं सोडायचा ते सांगत होते. मला पाहिल्यावर म्हणाले, “घड्याळ बंद पडलं का मास्तरीणबाईंचं?” आणि चार नंबरच्या मॅटकडे बोट केलं.

मी मॅटवर पडले. ते माझ्या उजव्या अंगाला येऊन उभे राहिले. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून ते तिथंच उभे राहात. बोल्टवरच्या हाताकडे बघितलं की माणूस घाईचा की धीराचा ते कळतं, असं ते म्हणत. मी गोळी मारली. बोल्टला हात घातला, तो जरा अडखळला, आणि माझ्या लक्षात आलं की त्यांनी मान फिरवली आहे. खाणीच्या भिंतीकडे ते बघत होते.

दुसऱ्या गोळीलाही तसंच. तिसऱ्यालाही.

मला वाटलं, त्यांना बघवत नाही. माझा धडधाकट हात त्या मुठीवर पडलेला बघणं त्यांच्यानं होत नाही. मग मी बोल्ट हळू उघडायला लागले, आवाज न करता, चोरून उघडल्यासारखा. कधी मूठ अर्धी उचलून थांबायचे. कधी पुंगळी बाहेर येण्याऐवजी आतच लोळायची आणि मला ती बोटानं काढावी लागायची. माझे ग्रुप बिघडले. आधी बिघाड वहीत दिसायचा, मग नुसत्या डोळ्यांनीच दिसायला लागला. जिल्हा स्पर्धेच्या निवडीतून मी बाद झाले. सुभेदार दर रविवारी माझ्या उजव्या अंगाला उभे राहात, आणि दर गोळीनंतर मान फिरवत.

हिवाळा संपत आला होता तेव्हाची गोष्ट. खाडे डॉक्टर शेजारच्या मॅटवर होते. त्यांची गोळी पुन्हा एकदा टार्गेट सोडून भलतीकडे गेली होती आणि ते करमणूक शोधत होते.

“सुभेदार,” ते म्हणाले, “हिला शिकवताय की भिंतीला? केव्हाचा बघतोय. ती बोल्ट उघडते आणि तुम्ही तिकडं तोंड करून उभे.”

माझा हात मुठीवर तसाच थांबला.

“आधी बघत हुतो,” सुभेदार भिंतीकडे बघतच म्हणाले. “मी बघाय लागलो की पोरीचा हात अडखळतो. लाजती. लावू दे तिला बोल्ट, मग वळतो.”

मी मूठ वर उचलली, मागे ओढली. पुंगळी टणकन फरशीवर पडली. काडतूस ठेवलं, बोल्ट पुढे ढकलला, मूठ खाली बसवली.

“लावला,” मी म्हणाले.

सुभेदार वळले.